पांढरा दिसेपर्यंत

भोर-वेल्ह्याकडे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) मोतीबिंदूची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "अजून पिकला नाय." म्हणजे बाहुलीत पांढरं दिसत नाही, सबब थांबायचं. आज या पिकण्याबद्दलच बोलतो.

डोळ्यातलं भिंग आंब्यासारखं समजा. मध्ये बाठा, भोवती गर, वर पातळ साल. मोतीबिंदू तिन्हीकडे होतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे गुण वेगळे. बाठ्याचा मोतीबिंदू पिवळा, मग तपकिरी होत घट्ट होतो. त्यानं भिंगाची ताकद वाढते, म्हणून साठीतली आजी एक दिवस चष्म्याशिवाय तांदूळ निवडायला लागते. घरात कौतुक! एसटीची पाटी मात्र तिला वाचता येत नाही. गराच्या मोतीबिंदूत सायकलच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेघा कडेनं आत सरकतात. मध्याशी पोचेपर्यंत फारसा पत्ता लागत नाही. तिसरा मागच्या सालीला चिकटून बसतो. आकारानं लहान, पण नेमका वाटेत. उन्हात बाहुली बारीक झाली की बराचसा उजेड त्याच डागावर अडतो. आवणीच्या दिवसांत, पाणी भरलेल्या खाचरावर ऊन चमकलं की हा माणूस चाचपडतो. तिन्हीसांजेला त्याला बरं दिसतं. मधुमेह असेल, स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तर हा मोतीबिंदू चाळिशीतही गाठतो.

आता यांचं आपसातलं नातं. या एकाच आजाराच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या नव्हेत. पण उतारवयात एकाच डोळ्यात दोन, कधी तिन्ही नांदतात आणि एकमेकांचा हिशेब बिघडवतात. बाठ्यानं दिलेली जवळची नजर मागचा डाग काढून घेतो. म्हणून डॉक्टर तिघांना वेगवेगळे गुण देतात. १९९३च्या लॉक्स-३ पद्धतीत तर बाठ्याचा रंग आणि धूसरपणाही निरनिराळा मोजतात.

पांढरा होतो तो गर. तो फुगला तर डोळ्यातला दाब एकाएकी चढू शकतो, डोळा ठणकतो. त्यावरही थांबलं तर कधी कधी गराचं दूध होऊन बाठा तळाशी बसतो. निव्वळ बाठ्याचा मोतीबिंदू मात्र पांढरा दिसतच नाही. घरचे रोज बाहुलीत डोकावत राहतात, आणि तो आत शिसवासारखा काळपट, टणक होत जातो. मग शस्त्रक्रियेत फेको नावाच्या यंत्रानं तो फोडायला वेळ लागतो, नाहीतर जास्त रुंद छेद घेऊन अख्खा बाहेर काढावा लागतो.