नगरची रोल्स रॉइस



संगणक कक्षाच्या निधीबद्दल मी बोलावं असं समितीने सांगितलं, कारण मी सॉफ्टवेअरवाली. बोलते, पण आधी गेल्या डिसेंबरातली एक सहल सांगते, कारण माझं मत तिथे बदललं.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा आपण दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर होतो. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. आपल्या वर्गातला एक जण द्वारकेजवळ गॅरेज चालवतो. नाव घ्यायचं नाही अशी त्याने ताकीद दिली आहे. त्याचा फोन आला, "चल, तुला रोल्स रॉइस दाखवतो." मुलाला घेऊन सिन्नर, शिर्डी, राहुरी करत आम्ही गेलो.

ती गाडी म्हणजे सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली चिलखती मोटार, तिथली सगळ्यात जुनी. श्रीमंतांच्या मोटारीचा सांगाडा, त्यावर पोलादी पत्रे आणि मशीनगनचा घुमट. मी माहितीचा फलक वाचून पुढे निघाले. हा मात्र रेडिएटरसमोर उकिडवा बसला. माझ्या मुलाला म्हणाला, "इथे पुढे पोलादी दारं असायची बघ. गोळीबार सुरू झाला की ड्रायव्हर ती लावून घेणार. पण मग हवा बंद. इंजिन तापणार. उघडं ठेवलं तर गोळी रेडिएटरमध्ये. आता सांग, किती वेळ लावून ठेवशील?"

मुलगा अर्धा तास तिथून हलला नाही. मी रोज ऑफिसात असेच प्रश्न सोडवते, पण त्याला असं कधी विचारलं नव्हतं.

पुढे १९६५ च्या युद्धातले पॅटन रणगाडे. असल उत्तरला आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि ते चाळीस टनांवरचे धूड उसात रुतले. "निफाडला पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो तसंच," इति आमचे मेकॅनिक.

आता खरं सांगायचं ते. शाळेच्या फाटकापाशी माझ्या सायकलची उतरलेली चेन हाच बसवून द्यायचा. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो गणितात राहिला, आणि मी त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं. हातात माझी गुणपत्रिका होती, त्याला काय बोलावं कळेना, हे कारण मी पुढे अनेक वर्षं स्वतःला देत राहिले. परतताना राहुरीला चहा पिताना हे त्याला बोलले. तो म्हणाला, "ते जाऊ दे. चेन बसवायला शिकलीस का?"

नाही शिकले. अजून येत नाही.

तर निधीबद्दल. संगणक घेऊच, पण वीस नकोत, पंधरा पुरेत. उरलेल्या पैशांत वर्कशॉपची ती बंद खोली उघडू या. जुन्या जीपचं एक इंजिन कापून, आतलं सगळं दिसेल असं मांडून द्यायला तो तयार आहे. दर शनिवारी सकाळी दोन तास येईन म्हणतो, मुलांसाठी आणि मुलींसाठीही. आपल्या वेळी मुलींना त्या खोलीत प्रवेश नव्हता हे सगळ्यांना आठवत असेल. मुख्याध्यापकबाई समोरच बसल्या आहेत, म्हणून इथेच विचारते: बाई, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?