रस्त्याचं वर्णन : एक राहिलेला निबंध

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं की प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलायचं. मी वीस वर्षांच्या वर सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर दहा मिनिटं बोलले तर मागच्या दोन रांगा चहाला उठतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. म्हणून मी विषय बदलून घेतला. दहावीत आपल्या इंग्रजीच्या सरांकडे माझा एक निबंध द्यायचा राहिला होता. विषय होता ‘अ बिझी स्ट्रीट’. आज त्याच्याविषयी बोलते.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे ए बी सी डी गिरवण्यापासून निबंधापर्यंत सहा वर्षं. घरी बोलणारं कोणी नाही, बाजारात बोलणारं कोणी नाही. त्यामुळे निबंध गाइडमधून पाठ करायचा, यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. गाइडमधला रस्ता ‘बस्टलिंग’ होता. आठवतंय ना? आपण सगळे तो शब्द ‘बस्टलिंग’ असाच म्हणायचो, आणि आपल्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, तो आज तिसऱ्या रांगेत आहे) त्याचा अर्थ ‘बसने गजबजलेला’ असा सांगितला होता. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. बसल, हसल, जॉसल. पहिला म्हणजे लगबग, दुसरा धावपळ, तिसरा एकमेकांना धक्के देत पुढे सरकणं. तिन्ही शब्द गर्दीचे, तिन्हींमध्ये ‘टी’ लिहायचा आणि बोलायचा नाही. सर म्हणाले, “गर्दीत टी चेंगरला, असं समजा.” तेव्हापासून त्या तीन शब्दांची स्पेलिंगं माझी कधी चुकली नाहीत.

तर मी गाइडमधला निबंध उतरवून नेला. त्यात एक वाक्य होतं : रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फेरीवाले घसा फोडून ओरडत असतात. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि मला टेबलाजवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, “तुझे आबा ओरडतात का?”

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, माझे आबा बस स्टँडसमोर हातगाडी लावायचे. हिवाळ्यात भरताची वांगी, बहुतेक बामणोदची. उन्हाळ्यात कांदे आणि आंबे. केळी त्यांनी कधी ठेवली नाहीत. यावलमध्ये केळी विकत घेणारा माणूस एकतर परगावचा किंवा आजारी, असं ते म्हणायचे. आणि ते ओरडत नसत. त्यांचा आवाजच बारीक होता. सगळ्यात चांगलं वांगं देठ वर करून गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं, ही त्यांची पद्धत.

सर म्हणाले, “उद्या पुन्हा लिहून आण. जे पाहतेस तेवढंच.” मी आणला नाही. सरांनी एकदा विचारलं, मी वही घरी राहिली म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कारण आता सांगायला हरकत नाही. निबंध वर्गात वाचून दाखवावा लागायचा, आणि आबांची गाडी माझ्या तोंडून वर्गात यावी असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांना माहीत होती, तरीही. गाइडमधला फेरीवाला कोणाचा वडील नव्हता, हीच त्याची सोय होती.

पुढे इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेले. एसटीने भुसावळ, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. पुण्यात खोलीवरच्या मुलींनी पहिल्याच रविवारी लक्ष्मी रोडला नेलं. साड्यांची दुकानं, सराफी पेढ्या, आत वळलं की तुळशीबाग, आणि थोडं पुढे १८८६मध्ये रे मार्केट म्हणून उभी राहिलेली आणि आता महात्मा फुल्यांच्या नावाची मंडई. मला वाटलं, गाइडमधला रस्ता हाच. मग विसर्जनाच्या दिवशी मानाचे गणपती त्याच रस्त्याने अलका चौकाकडे जाताना पाहिले. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालूच होती. त्या गर्दीपुढे ‘बिझी’ हा शब्द अगदीच किरकोळ वाटला.

नोकरी लागली तेव्हा परदेशातल्या टीमबरोबर फोनवर बोलायची वेळ आली. काम सुरू होण्याआधी ते लोक थोड्या हवापाण्याच्या गप्पा मारतात. एकाने विचारलं, तुमच्या शहरातली प्रसिद्ध जागा कोणती? मी मोठ्या अभिमानाने लक्ष्मी रोडचं नाव घेतलं आणि म्हटलं, तिथे ‘टू मच रश’ असतो, ‘टू मच पब्लिक’. पलीकडून आवाज आला, अरेरे, वाईट वाटलं ऐकून. मी कौतुक करत होते आणि त्याला ती तक्रार वाटली. ‘टू मच’ म्हणजे खूप नव्हे, नको इतकं. ‘रश’ म्हणजे त्याच्या लेखी घाई. आणि ‘पब्लिक’ म्हणजे जनता. आपण सिनेमाच्या थिएटरबाहेर जे पब्लिक म्हणतो ते नव्हे. तीन शब्द, तिन्ही इंग्रजी, आणि एकही पलीकडे पोचला नाही. ‘लाइव्हली’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. गर्दी तीच, पण आवडलेली.

आणखी एक गंमत. फुटपाथला ब्रिटिश माणूस ‘पेव्हमेंट’ म्हणतो. अमेरिकनाला तोच शब्द रस्त्याच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पृष्ठभागासाठी लागतो. मी एका टिपणात लिहिलं होतं की लोक पेव्हमेंटवरून चालतात. अमेरिकेतल्या सहकाऱ्याने काळजीने विचारलं, तुमच्याकडे माणसं गाड्यांच्या मधून चालतात का? आता याला काय उत्तर देणार? चालतातच.

हे सगळं पुन्हा वर आलं ते मुलीमुळे. ती पुण्यात इंग्रजी माध्यमात नववीला आहे. तिला निबंध आला : आपल्या शहरातल्या एका प्रसिद्ध, गजबजलेल्या रस्त्याचं वर्णन करा. तिने अर्ध्या तासात लिहून दाखवला. रस्ता ‘बसलिंग’ होता, उच्चार अगदी बरोबर. ‘व्हायब्रंट’ होता, ‘आयकॉनिक’ होता, खाणं ‘माउथवॉटरिंग’ होतं. आणि फेरीवाले घसा फोडून ओरडत होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी, दुसऱ्या माध्यमात, दुसऱ्या शहरात, तेच फेरीवाले, तसेच! मी तिला विचारलं, कोण ओरडत होतं? ती म्हणाली, आई, असं लिहितात.

मग तिला घेऊन लक्ष्मी रोडला गेले. दिवस ११ डिसेंबरचा होता. २०२१पासून पुणे महापालिका त्या दिवशी या रस्त्याच्या एका भागात वाहनं बंद ठेवून पादचारी दिन करते. ‘पेडेस्ट्रियन’ या शब्दाचा इंग्रजीत दुसरा अर्थ रटाळ, सपक असा आहे, हे मी तिला सांगितलं. पायी चालणाऱ्याला कमी लेखायची सवय सगळीकडेच दिसते. त्या दिवशी मात्र रस्ता सपक नव्हता. हॉर्न नसले की बांगड्यांचा आवाज ऐकू येतो.

आम्ही खेळ केला. विशेषण वापरायचं नाही, फक्त कोण काय करतंय ते सांगायचं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. आणि तिथे मला कळलं की आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, आपण ते इंग्रजीच्या दाराबाहेर चपलांसारखे काढून ठेवतो. बघा, गर्दी वेगळी आणि वर्दळ वेगळी. आपल्या तहसील कचेरीसमोर वर्दळ असते, माणसं येतात-जातात, थांबत नाहीत. गुरुपौर्णिमेला व्यास मंदिरात रीघ लागते, एकामागे एक, तुटत नाही. इंग्रजीत तिला ‘स्टेडी स्ट्रीम’ म्हणता येतं. भुसावळची गाडी लागली की दारात झुंबड उडते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत शब्द मला अजून सापडलेला नाही. लोक काही न घेता इकडेतिकडे रेंगाळतात, त्याला ‘मिल अबाउट’. भावासाठी घासाघीस करतात, त्याला ‘हॅगल’. दुकानातला माल पायरीवरून खाली रस्त्यापर्यंत येतो, तिथे ‘स्पिल’ हे क्रियापद फार छान बसतं, माल सांडतो आहे असं. ‘टीमिंग’ मात्र मुलीने स्वतःच खोडलं. त्यात माणसं वरून पाहिल्यासारखी, मुंग्यांसारखी दिसतात, असं तिचं म्हणणं. मला पटलं. गच्चीवरून पाहणाऱ्याचा शब्द आहे तो.

आणि इथे मला आबांची गाडी आठवली. एकाच हातगाडीला इंग्रजीत किती नावं! प्रवासी पुस्तिकेत ती ‘कलरफुल’. खाण्याच्या कार्यक्रमात ‘स्ट्रीट फूड’. आणि नोटिशीत ‘एन्क्रोचमेंट’, म्हणजे अतिक्रमण. गाडी तीच, चाकं तीच. आम्ही आठवीत असताना एकदा स्टँडसमोरच्या गाड्या हटवल्या, तेव्हा आबा अकरा दिवस घरी बसून होते. मी मोजले होते, कारण त्या अकरा दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तो शब्द मराठीत असो की इंग्रजीत, निबंधाच्या कुठल्याच गाइडमध्ये नव्हता. खरं तर गजबजलेल्या रस्त्याच्या शब्दसंग्रहातला तो पहिला शब्द असायला हवा होता.

पुढे २०१४मध्ये पथविक्रेत्यांसाठी केंद्राचा कायदा झाला. त्यात इंग्रजीत एक संज्ञा आहे : ‘नॅचरल मार्केट’. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत अशी जागा. फक्त स्थानिक संस्थेने ती तशी ठरवायला हवी. कायद्याची भाषा कोरडी असते असं आपण म्हणतो. पण ‘व्हायब्रंट’पेक्षा या दोन कोरड्या शब्दांत स्टँडसमोरचा तो कोपरा मला जास्त स्पष्ट दिसला. कोणी आखून दिलेला नाही, माणसं येत गेली म्हणून झालेला बाजार. आबा तोवर गेले होते. हा शब्द त्यांना सांगायचा राहिला.

मुलीचा निबंध झाला. त्यात एक म्हातारी होती, जिने गजरे मोजताना दर पाचव्या गजऱ्याला एक क्षण थांबून श्वास घेतला होता. एकही फेरीवाला ओरडला नाही. तिच्या बाईंनी शेरा दिला, चांगला आहे, पण विशेषणं कमी आहेत. तिने मग एक घातलं. ‘बसलिंग’च घातलं. गुणांसाठी तेवढी तडजोड तिला मान्य होती, आणि मीही काही बोलले नाही. शब्द वाईट नाही हो तो. फक्त एकटा सोडला की काही सांगत नाही.

आता माझा राहिलेला निबंध. इंग्रजीत लिहिला आहे, इथे मराठीत सांगते. लहान आहे.

आमच्या गावाचा बस स्टँड सकाळी सहाला जागा होतो. पहिल्या गाडीने दूधवाले येतात. आबा गाडीवर ओलं पोतं अंथरतात आणि वांगी मांडतात. शेजारचा चहावाला त्यांना अर्धा चहा देतो, पैसे घेत नाही. संध्याकाळी दोन वांगी नेतो. शाळेच्या वेळी मुलींचा घोळका समोरून जातो. त्या घोळक्यात त्यांची मुलगी असते. ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालते. आबा तिला हाक मारत नाहीत. माझे वडील ओरडत नाहीत.

एवढाच आहे, सर. इंग्रजी प्रत मघाशी तुमच्या पिशवीत ठेवली. लाल पेनही ठेवलंय. ‘बसल’मध्ये टी आहे, तेवढं मी तपासलं आहे; बाकीचं तुम्ही बघा.