जीवदयेची यात्रा : वेळासच्या किनाऱ्यावर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी कोणी पंडित वा अभ्यासक नाही. कुटुंबासह केलेल्या एका छोट्या सहलीने मला जे शिकवले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण रत्नागिरीकर त्यांना थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान मोठ्या हौसेने दाखवतो. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातील वेळास गावी जे घडते, ते आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासाला ठाऊक असलेले हे वेळास आज कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांची भेट तिला कधीच घडत नाही. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. उरलेली कुत्री-कोल्ही उकरत. सन २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने, श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. घरट्यातील अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवायची आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर येणारी पिल्ले समुद्राकडे सोडायची, अशी ही पद्धत. विशेष म्हणजे पूर्वी अंडी काढणाऱ्या गावकऱ्यांपैकीच काहीजण पुढे त्यांचे राखणदार झाले. संस्थेने त्यांना दूषणे दिली नाहीत, सोबत घेतले. कासव महोत्सवामुळे पर्यटक येऊ लागले, गावातील घराघरांत उतरू लागले आणि जिवंत कासव गावाच्या चरितार्थाला आधार देऊ लागले.

आम्ही तिघा पिढ्यांचे सातजण मार्च महिन्यात तेथे गेलो. बाणकोटचा किल्ला पाहिला, वेसवीहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून हरिहरेश्वरला जाऊन आलो. आमचा चौविहार असल्याचे यजमान गृहिणीला आधीच सांगितले होते. त्या माउलीने संध्याकाळचे जेवण, कांदा-लसूण वर्ज्य करून, पाच वाजताच वाढले.

पहिल्या सायंकाळी टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू. एकही पिल्लू नाही. मुले हिरमुसली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र अकरा पिल्ले निघाली. दोरीच्या मागे उभे राहून आम्ही पाहत होतो. त्यांपैकी एक लाटेच्या फटकाऱ्याने उलटे पडले आणि पाय हलवू लागले. माझा आठ वर्षांचा नातू दोरीखालून पुढे धावला. कार्यकर्त्याने त्याला हळूच अडवले. तो रडवेला होऊन मला म्हणाला, "आजोबा, पाठशाळेत तर जीव वाचवायला सांगतात ना? मग मला का थांबवतात?"

खरे सांगतो, त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेवढ्यात पुढची लाट आली, पिल्लू सुलटे झाले आणि दिसेनासे झाले. कार्यकर्त्याने मग समजावले की वाळूवरची ती चाल पिल्लाला स्वतःच चालू द्यावी लागते, आणि धावणाऱ्याच्या पायाखाली दुसरे एखादे पिल्लू येऊ शकते. मी खाली पाहिले. नातवाच्या पावलापासून वीतभर अंतरावर वाळूच्याच रंगाचे एक पिल्लू चालले होते.

बंधू-भगिनींनो, इर्यासमितीचा अर्थ मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. तो मला त्या पहाटे दिसला. दयेचा उमाळा येणे सोपे आहे, त्या उमाळ्याला यतनेची जोड देणे कठीण आहे. अज्ञानातून केलेली दयाही घात करते. गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने, मृत गुरे खाणारी आपल्या देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. सन २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. औषध देणाऱ्यांच्या मनात करुणाच होती. कमी पडले ते ज्ञान. आपल्या धर्माने ज्ञानाला दयेच्या आधी स्थान दिले, ते उगाच नव्हे.

विसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कूर्म आहे. मंदिरात त्या चिन्हापुढे आपण नतमस्तक होतो. तो जीव आपल्याच जिल्ह्याच्या वाळूत जन्म घेतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, एवढीच माझी तळमळ आहे.

जीवदया खात्यात आपण उदार हस्ते दान देतो. ती परंपरा थोर आहे आणि ती चालूच राहावी. परंतु पावती फाडून घरी आलेल्या वडिलांकडून मूल दया शिकत नाही. दोरीमागे शांत उभ्या असलेल्या वडिलांकडून शिकते. म्हणून ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे की, वार्षिक यात्रेला जोडून दरवर्षी काही कुटुंबांनी अशा ठिकाणी दोन दिवस जावे. गावकऱ्यांच्या घरी उतरावे, किनाऱ्यावरील प्लास्टिक वेचावे, अंधारात दिवे व फ्लॅश लावू नयेत, पिल्लाला हात लावू नये. आणि एकही पिल्लू दिसले नाही, तरी तक्रार न करता परतावे. तो जीव आपल्या सहलीसाठी जन्म घेत नाही, हे कळणे हीदेखील अहिंसाच आहे.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!