शिशाच्या बॅटरीची निगा

इस्लापुराकडे वारा-वावधान सुटले की वीज जाते. मग इन्व्हर्टरची आठवण होते, अन् नेमकी तेव्हाच बॅटरी दगा देते. दुरुस्तीला किनवट, नाहीतर नांदेड गाठा.

१२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात बुडालेल्या. बॅटरी उतरली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. लगेच चार्ज केली तर तो विरतो. महिनाभर तशीच पडून राहिली तर घट्ट बसतो, आणि मग बॅटरी दम धरीत नाही. उन्हाळी सुट्टीत नेमके हेच होते. तेव्हा शाळेला कुलूप घालण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करावी, आणि महिन्याने कोणीतरी येऊन पुन्हा करावी.

पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, तेही चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. "आमच्या बोअरचं पाणी गोड आहे की!" असे कोणी म्हणेल, पण गोड पाण्यातही क्षार असतातच. वरून तेजाब मात्र घालू नये. कमी होते ते पाणी, तेजाब नव्हे.

चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, तो ठिणगीने भडकतो. देव्हाऱ्यातल्या समईशेजारी बॅटरी ठेवलेली घरे मी पाहिली आहेत! काडी ओढून आत डोकावू नका, विजेरी घ्या. खोलीची खिडकी उघडी ठेवा. तेजाब डोळ्यांत उडालेच, तर आधी भरपूर पाण्याने डोळे धुवावेत, खूप वेळ, आणि मग तडक दवाखाना.