जळगाव ते धुळे, विमानानं किती वेळ?

आजचा प्रश्न छोटा आहे: जळगाव ते धुळे विमानानं किती वेळ लागतो?

मोबाइलवर शोधा, एखादी साइट बिनधास्त सांगेल, सहा-सात मिनिटं! मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो, यात जादू काही नाही. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी गोल धरून सरळ अंतर काढायचं. ते येतं साधारण ८३ किलोमीटर. त्याला ताशी ८०० नं भागायचं, झालं उत्तर. पण विमान खरंच उडतं का, हे त्या कोडमध्ये कुठेच तपासलेलं नसतं.

जळगावला विमानतळ आहे. ‘उडान’ योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये तिथून मुंबईची सेवा सुरू झाली. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं विमान तिथे येत नाही.

बरं, रेल्वे? सुरत लाइन अमळनेर, नरडाण्यावरून जाते, धुळे शहराला शिवत नाही. चाळीसगावला गाडी बदलून गेलात तर जवळपास १५० किलोमीटर होतात! म्हणून आपली लालपरीच बरी. एरंडोल, पारोळा करत ९० च्या वर किलोमीटर, किमान दोन तास धराच.

मुंबईहून विमानानं जळगावला उतरून धुळ्याच्या दवाखान्यात कुणाला गाठायचं असेल, तर हे दोन तास आधीच हिशेबात घ्या. तिकडे वाट बघणाऱ्या माणसाला सहा मिनिटं सांगू नका. चला, भेटू पुढच्या भागात!