क्लिपवरचं सोनं किती दिवस टिकतं?



आज आपल्या बॅचतर्फे सगळ्या गुरुजनांना एकेक हातघडणीचं पेन दिलं. पेन आवडलं, पण एक कुजबुज माझ्याही कानावर आली: "वर्गणी तर चांगली जमली होती, मग क्लिप सोनेरी का नाही?" प्लेटिंग हाच माझा धंदा म्हणून समितीने ही निवड माझ्यावर सोपवली होती. तेव्हा उत्तर देणंही माझ्याकडेच आलं.

आधी हातघडणीचं म्हणजे काय, ते सांगतो. भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर म्हणजे एबोनाइट. त्याचा दांडा लेथवर लावून कारागीर पेनाची नळी, टोपण आणि आटे कापतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात असं पेन बनवलं. कुमारप्पांमार्फत ते गांधीजींकडे पोचलं आणि १९३५ मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांचे आभार मानले. कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ आपल्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत होता. आज पुण्यातही अशी पेनं घडवली जातात. एबोनाइटचं अंग नीट वापरलं तर कित्येक दशकं टिकतं. मात्र क्लिप, रिंग आणि निब बहुतेक कारागीर तयार विकत आणतात. म्हणजे या पेनात सगळ्यात आधी खराब होतो तो भाग नेमका हाताने न घडवलेला असतो.

सोनेरी क्लिप बहुधा पितळेची असते. तिच्यावर निकेलचा थर द्यायचा आणि त्यावर सोन्याचा. मधलं निकेल गाळलं, तर पितळेतलं तांबं हळूहळू सोन्यात मुरतं आणि रंग फिका पडतो. वर सोनं किती, हा पुढचा प्रश्न. स्वस्त मालावर थर असतो ०.१ मायक्रॉनच्या आसपास. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर केसाच्या सातशेव्या भागाइतका. क्लिपचा पृष्ठभाग ५ चौरस सेंटिमीटर धरला, तर तिच्यावर जेमतेम १ मिलिग्रॅम सोनं बसतं. एका ग्रॅममध्ये हजार क्लिपा! तोच थर २.५ मायक्रॉनचा दिला, तर एका ग्रॅममध्ये चाळीसच क्लिपा होतात. दुकानात दोन्ही सारख्याच चमकतात. फरक कळतो तो वापरल्यावर.

आणि आपला उन्हाळा तर तुम्ही जाणताच. पारा ४५ अंशांवर, पेन घामेजलेल्या सदऱ्याच्या खिशात. घामात मीठ असतं, लॅक्टिक आम्ल असतं. सोन्याला त्याने काही होत नाही, पण पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून घाम खालच्या धातूला भिडतो आणि डाग वर येतात. त्यात सोनं मऊ. खिशाच्या कडेवर रोज घासून क्लिपचं टोक पहिल्यांदा उघडं पडतं. आधी पांढरं निकेल दिसतं, मग पिवळं पितळ. क्रोमचं पाहा, शोभेच्या क्रोमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असतो, तरी तो पुष्कळ टिकतो. कारण क्रोम अतिशय कठीण आणि त्याच्याखाली निकेलचा जाड थर. म्हणून नुसती जाडी विचारून भागत नाही, खाली काय आहे तेही विचारावं लागतं.

एक मित्र मला म्हणाला, "जरीपटक्याची पोरं आपण, आणि जरीच नाही?" अरे, जरी म्हणजे तरी काय? मुलामाच. असली जरी म्हणजे सोनं चढवलेली चांदीची तार, रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली. जुन्या शालूची जरी विरली तरी सराफ तिचे पैसे देतो, कारण खाली चांदी असते. आणि आपल्या आया कल्हईवाल्याशी कधी भांडल्या का, की कल्हई उडाली म्हणून? तो गल्लीत यायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवायचा, आणि भांडं पुन्हा वापरात. मुलामा झिजणारच. झिजल्यावर खाली काय उरतं आणि तो पुन्हा देता येतो का, एवढंच बघायचं.

म्हणून आपण क्लिप साध्या स्टेनलेस स्टीलची घेतली, मुलामाच नाही. या स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तर तो पापुद्रा आपोआप पुन्हा धरला जातो. सोन्याइतकी ती मिरवणार नाही, पण दहा वर्षांनीही अशीच दिसेल.

ज्यांच्याकडे सोनेरी क्लिपचं पेन आहे किंवा जे घेणार आहेत, त्यांनी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. खाली कोणता धातू आहे? सोनं किती मायक्रॉन आहे? आणि क्लिप सुटी होते का? टोपणाचं टोक आट्याचं असेल तर क्लिप निघते आणि तिला पुन्हा मुलामा देता येतो. हे काम इतवारीच्या सराफ्यात विचारा, घरी करू नका. सोन्याच्या प्लेटिंगच्या पाण्यात बहुधा सायनाइड असतं. चिंच, लिंबू आणि पितळेची भांडी घासायची पावडर क्लिपला लावू नका, त्याने डागासोबत सोनंही जातं. मऊ कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.

शेवटची विनंती गुरुजनांना. सर, बाई, हे पेन डबीत घालून कपाटात ठेवू नका. एबोनाइटमधला गंधक बंद डबीत कोंडला की चांदी, तांबं, पितळ काळवंडतं. पातळ मुलाम्याच्या छिद्रांतूनही तो काळेपणा वर येतो. स्टीलच्या क्लिपला ती भीती नाही, पण शाई आत वाळली की निब अडकतं. तेव्हा याने रोज लिहा, हिशेब लिहा, नातवंडांना पत्र लिहा. पुढच्या मेळाव्याला येताना पेन खिशात घेऊन या. इतकी वर्षं तुम्ही आमच्या वह्या तपासल्या, आता तुमची क्लिप मी तपासणार आहे.