पहाटे चारपर्यंत सायक्लोस्टाइल



वर्णद्वेष वाईट, हे या सभागृहात कुणाला पटवून द्यायला नको. अडचण तिथेच आहे. सगळ्यांना पटलेलं असतं आणि सगळं जिथल्या तिथे राहतं. म्हणून आज एका प्राध्यापिकेबद्दल सांगतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी तिथे टेकायचं नाही. बहुतेक उतारू मात्र कृष्णवर्णीयच. पुष्कळदा त्यांना पुढच्या दाराने चढून पैसे द्यावे लागत, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावं लागे. कधी तेवढ्यात ड्रायव्हर बस हाकून मोकळा. पैसे घेऊन!

1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला, हे तुम्ही वाचलंय. शिवणकाम करून दमलेली बाई उठली नाही, अशी ती लाडकी गोष्ट. पण रोझाबाई नागरी हक्कांच्या चळवळीत कित्येक वर्षं राबत होत्या. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत शिबिर करून आल्या होत्या.

रोझाबाईंनी नकार दिला त्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनपाशी गेल्या. सोबत एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. एका कागदावर तीन पत्रकं बसवून पहाटे चारपर्यंत हजारो प्रती काढल्या, कापल्या, गठ्ठे बांधले. मजकूर साधा: सोमवारी बसने जाऊ नका. सकाळी बाईंनी आपला तास घेतला आणि मग त्या वाटपाला निघाल्या. हे ऐनवेळचं धाडस नव्हतं. त्यांच्या महिला संघटनेने दीड वर्ष आधीच महापौरांना बहिष्काराचा इशारा देणारं पत्र धाडलं होतं. बहिष्कार 381 दिवस चालला. बसमधला भेद न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा संपला. कॉलेज सरकारी होतं. 1960मध्ये, चौकशीचा ससेमिरा मागे लागल्यावर, बाईंनी ते सोडलं.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आणि आज आपल्याकडे शिकायला आलेला आफ्रिकी मुलगा खोली बघायला जातो, तेव्हा फोनवर ‘या या’ म्हणणारा एजंट चेहरा पाहून ‘मालक गावाला गेलेत’ म्हणतो. मालक कुठेही गेलेले नसतात.

तुमच्यापैकी कुणी उद्या घरमालक होईल, कुणी एचआरमध्ये बसेल, बरेच जण सोसायटीच्या कमिटीवर जातील. ‘असल्या लोकांना फ्लॅट द्यायचा नाही’ हा ठराव तिथे समोसे येण्याआधी पाच मिनिटांत मंजूर होतो. त्या पाच मिनिटांत उभे राहा. विरोध नावानिशी नोंदवायला सांगा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून दाखवतील, तेव्हा तो खरंच लिहिलाय का ते बघा.